राजियेची राजी

“तोंड उघडायचं नाही. ते तीनदा विचारतील. तिन्ही वेळा मान खाली घालून बसायचं. गप्प राहिलीस की झालं, तेच तुझं हो.”

फेरिदे मावशीचा हा आवाज मला एकतीस वर्षांनी पुन्हा ऐकू आला, तोही काझींच्या कचेरीत, चटईवर गुडघे मुडपून बसले असताना. काझी इस्तंबूलला गेले की त्यांच्या जागी नाइब एफेंदी बसतात. त्यांनी मला तिसऱ्यांदा तेच विचारलं होतं. त्यांच्यापुढे तबकात भाजलेले चेस्टनट होते, एक अर्धवट सोललेला त्यांच्या बोटांत तसाच थांबला होता, आणि माझी नजर त्या बोटांवर होती. बोटांची टोकं काळी झाली होती. बाजूला साक्षीदार म्हणून बसवलेले तिघे शेजारी, कागद लिहिणारे कातिब लुत्फी चेलेबी, माझ्या डाव्या हाताला माझे यजमान, उजवीकडे आपली चामड्याची पिशवी मांडीवर घेतलेली मेलेके उस्ता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी मान खाली घालून गप्प होते. मला वाटत होतं, मी उत्तर देते आहे.

लग्नाच्या दिवशी मी अशीच बसले होते, मध्ये फक्त एक पडदा होता. पलीकडे वडिलांचे दोन मित्र, माझी संमती ऐकायला आलेले. “मखमलवाल्या दुराकशी निकाह. राजिये, राजी आहेस का?” मी मावशीने सांगितल्याप्रमाणे गप्प. पण सकाळपासून गुलाबाचं सरबत तीन पेले पोटात गेलेलं, त्यामुळे मला उचकी लागली. दुसऱ्यांदा विचारलं, उचकी. तिसऱ्यांदा विचारलं, मोठी उचकी. पडद्यापलीकडे कुजबुज सुरू झाली. “रडतेय का ती?” “रडली तरी चालतं. आवाज न करता रडली पाहिजे.” “हसली असेल.” “हसली तरी चालतं.” “आणि उचकी?” “उचकीचं मी कुठे वाचलेलं नाही.” “मग गप्पच धरू.” तेव्हा त्यांनी गप्प धरलं आणि माझं लग्न लागलं. मला त्याचं वाईट वाटलं असं कुणी समजू नये. दुराकना मी त्याआधी दोनदा पाहिलं होतं, एकदा मखमलीचा तागा खांद्यावर घेऊन जाताना आणि एकदा त्याच ताग्यासकट चिखलात घसरून पडताना. पडल्यावर ते स्वतःशीच इतके हसले की मी खिडकीतून मागे सरकायला विसरले. मला मोकळेपणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, चांगलं खणखणीत. पण ते हो कुणाला लागलंच नाही. न लागलेली वस्तू घरात कुठेतरी पडून राहते, तसं ते राहिलं असावं.

पुढेही कधी लागलं नाही. दुराक बोलतात. दिवसभर मागावर बसून धोट्याशी बोलतात, धोटा उत्तर देत नाही म्हणून संध्याकाळी माझ्याशी. फेरीवाला कोबी घेऊन दारात आला की मी ओढणी सावरेपर्यंत यांनी आतून सांगितलेलं असतं, हिला कोवळा लागतो. तो मला लागतोही कोवळाच. एकतीस वर्षांत माझ्या वतीने त्यांनी दिलेली उत्तरं बहुतेक बरोबर होती, हीच तर अडचण. आणि नावाने आणखी सोपं करून ठेवलेलं. राजिये म्हणजे राजी असलेली. सासूबाई म्हणायच्या, हिला काय विचारायचं, हिच्या बापाने बारशालाच उत्तर देऊन ठेवलंय. मीही हसायचे. माझं खरं बोलणं पहाटेच्या नमाजानंतर होतं. माळ ओढायची, मग कुराणातली यासीन वाचायची, आईवडिलांसाठी आणि फेरिदे मावशीसाठी. सोमवारी आणि गुरुवारी रोजा. हे नेम मी लग्नाच्या वर्षापासून धरलेत आणि ते कुणाला सांगावे लागत नाहीत, विचारावे लागत नाहीत. त्या वेळी घरात फक्त माझा आवाज असतो, आणि तो इतका हळू की कढईतल्या पाण्यात तरंगणारे रेशमाचे कोशसुद्धा हलत नाहीत.

गाठ दोन वर्षांपूर्वी आली. मानेच्या उजव्या अंगाला, आधी वाटाण्याएवढी. कोश उकळत्या पाण्यात सोडून छोट्या झाडूने धाग्याचं टोक शोधताना मान वाकते, तेव्हा ती अंगरख्याच्या गळ्याला लागायची. मग अक्रोडाएवढी झाली. या उन्हाळ्यात कोंबडीच्या अंड्याएवढी, आणि आडवी झाले की श्वास शिट्टी वाजवायला लागला. यासीन वाचताना लांब ओळ एका दमात पुरी होईना. मध्येच थांबावं लागे, एखाद्या म्हाताऱ्या गाढवासारखं चढावर. मी देवाला म्हटलं, थांबते आहे ती चुकार म्हणून नाही, तू बघतोच आहेस. संन्याशाच्या डोंगरावर पहिला बर्फ दिसला त्या दिवशी दुराक घरी आले आणि जोडे काढण्याआधी म्हणाले, “ओढ्यापलीकडची मेलेके उस्ता गाठी कापते. बापाकडून शिकलीय. चिरून घ्यायची. ठरलं.” कुणाचं ठरलं, हे मी विचारलं नाही. मी जोडे उचलून बाजूला ठेवले.

मेलेके उस्ताच्या बोटांना लवंगेचा आणि सिरक्याचा वास होता. बाई पन्नाशीची, उंच, भुवया जुळलेल्या, आणि बोलणं पिठासारखं कोरडं. तिने गाठ दोन बोटांत धरून इकडेतिकडे हलवली. “गिळताना वर सरकते का?” तिने विचारलं.

“सरकत नाही,” दुराक म्हणाले.

“दुखते?”

“दुखत नाही. जड वाटते. डाव्या कुशीवर झोपली की बरं असतं.”

मेलेके उस्ताने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. कसबी माणसाला आमच्याकडे उस्ता म्हणतात, तिला तसं यांनाही. “उस्ता, गाठ तुमच्या मानेला आहे की हिच्या?”

“घर एकच आहे ना,” दुराक म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं.

ते हात धुवायला बाहेर गेले तेव्हा मी तिला हळूच विचारलं होतं, न बोललेलं काही घशापाशी साठून गाठ होते का. मला ते कोबीवाल्यापासून पडद्यापर्यंतचं सगळं आठवत होतं. ती म्हणाली, “चरबी असते, बाई. कधी नुसतं पाणी असतं. एकदा एकीच्या गाठीतून केस निघाले होते. शब्द अजून निघालेले नाहीत.” मला हसू आलं आणि हसताना श्वासाने शिट्टी वाजवली, मग तीही हसली. “मी गाठीला हात लावते,” ती म्हणाली, “पण आधी काझींकडे यायचं. सगळे येतात. चार माणसांदेखत तू राजी आहेस असं लिहून झालं पाहिजे.” एवढंच ना, असं मला वाटलं. राजी असणं तर मला जन्मापासून येत होतं.

आणि त्या सोपेपणातच लुत्फी चेलेबींचा घोटाळा झाला. त्यांचे डोळे अधू झालेत, पण अक्षर असं की कागद चौकटीत लावावा. असल्या कागदांचा मजकूर ठरलेला असतो, नाव तेवढं बदलतं, म्हणून ते आदल्या दिवशीच लिहून ठेवतात. आमच्या लिपीत माझं नाव आणि राजी असलेली बाई, हे दोन्ही शब्द अगदी एकसारखे लिहितात. ‘राजिये राजिये होऊन म्हणते की’, असं त्यांनी बरोबर लिहिलं, मग सकाळी वाचताना त्यांना एकच शब्द लागोपाठ दोनदा दिसला. हात घसरला असेल असं वाटून त्यांनी एक खोडला. नाइब एफेंदींनी कागद खिडकीकडे धरला.

“चेलेबी, इथे कोण खोडलंय? बाई खोडल्यात की त्यांची राजी?”

“शब्द दोनदा पडला होता, एफेंदी.”

“पहिला खोडला की दुसरा?”

लुत्फी चेलेबी कागदाला नाक लावून म्हणाले, “दोन्ही सारखेच दिसतात.”

“पहिला खोडला असेल तर कुणीतरी राजी आहे, पण कोण ते कळत नाही. दुसरा खोडला असेल तर बाई आहेत, पण त्यांचं म्हणणं काय ते कळत नाही. यावर मी शिक्का कशावर मारू?”

साक्षीदार हसले. दुराकही हसले आणि पुढे सरकून म्हणाले, “एफेंदी, एवढं कशाला? राजी आहे ती. नावातच आलंय.”

“माझं नाव साबिर आहे,” नाइब म्हणाले. “म्हणजे धीराचा. किती धीर आहे ते माझ्या बायकोला विचारा. तुम्ही बसा. बाईंना बोलू दे.” आणि मग त्यांनी मला विचारलं. मी गप्प. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, ते मी सुरुवातीला सांगितलंच. बोटांतला चेस्टनट त्यांनी तबकात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “बाई राजी नाहीत. नोंद होणार नाही. गाढवाचं प्रकरण घ्या.”

हे इतकं साधेपणाने झालं की आधी मला कळलंच नाही. बाहेर कुणाचं तरी गाढव रेकत होतं. मेलेके उस्ता उठली, पिशवी काखेत धरली आणि दुराकना म्हणाली, “मग मी हात लावत नाही.” आम्ही अंगणात आलो. हौदापाशी ऊन होतं आणि त्या उन्हात दुराक माझ्यासमोर उभे राहिले.

“अगं, बोलली का नाहीस?”

“बोलले की,” मी म्हटलं. “गप्प बसले ना.”

ते मग हौदाच्या कठड्यावर बसले आणि दाढी चोळत म्हणाले, “मला वाटलं, तुला नकोच आहे. आत बसल्या बसल्या मला वाटलं, ही दोन महिने नको म्हणतेय आणि मी ऐकतच नाही.” त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना पाणी दिलं, माझ्या हाताने. आणि पाणी देताना मला एक विचित्र गोष्ट कळली. माझी चूक झाली होती हे खरं. माझं हो तिथे नाही असं ऐकलं गेलं. पण ते हो होतं, हे तरी मला कुठे माहीत होतं? मी फक्त गप्प होते, नेहमीसारखी, आणि त्या गप्प बसण्याच्या तळाशी काय आहे ते मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. विहीर घरातली, पाणी रोजचं, पण तळ कुणी पाहिलेला? आता नाइब एफेंदींनी एक दगड टाकला होता आणि मी कान देऊन उभी होते. खाली आधी भीती लागली. सुरीची नव्हती, मरणाचीही फारशी नाही. त्याची वेळ ज्याने लिहिलीय त्याच्याशी माझं रोज बोलणं आहे. भीती होती ती आवाजाची.

मेलेके उस्ता गेली नव्हती. ती ओट्यावर बसून पिशवीचा बंद बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. मी जाऊन तिच्याशेजारी बसले.

“आवाज जाईल का?”

“जाऊ शकतो,” ती म्हणाली. “मी अकरा माना कापल्या. दोघी गेल्या. एकीचा आवाज गेला. आठजणी बाजारात घासाघीस करतात.”

“जिचा आवाज गेला, ती कुराण कसं वाचते?”

मेलेके उस्ताने हातातला बंद सोडला. “ओठांनी. मी बसले होते तिच्याजवळ एकदा. ज्याला ऐकायचं तो ऐकत असावा, ती मध्ये मध्ये हसत होती.”

“आणि नाही कापली तर?”

“वसंतापर्यंत शिट्टी. मग शिट्टीही नाही.” तिने बंद शेवटचा आवळला. “एक सांगू? तो आतला कागद तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. माझ्या बापाच्या हातून एक सुतार गेला. त्याचे तीन भाऊ दारात आले रक्ताचं मोल मागायला. त्या वर्षापासून बाप कागदाशिवाय सुरी उचलत नसे. मीही नाही उचलत. पण कागद पोटाशी असला तरी हात अडखळतो, समोरचं माणूस नुसतं आणून ठेवलेलं असलं की. मागे एकीला तिच्या सासऱ्यांनी आणलं होतं. सगळं लिहून झालं होतं, तिने हो म्हटलं होतं. सुरी टेकवली तेव्हा मला तिचे डोळे दिसले. मी कापली. ती जगली. पण ते डोळे माझ्याकडे राहिले.”

आत गाढवाचं प्रकरण रंगलं होतं. गाढव कुणाचं याबद्दल दोघे भांडत होते आणि नाइब विचारत होते की गाढव कुणाच्या हाकेला जातं. कुणी हाक मारली आणि मी गेले नाही, असं कधी झालं ते मला आठवे ना. मग हळूहळू, पाण्यात कोश फिरवता फिरवता झाडूला अचानक धागा लागावा, तसं मला लागलं. मला जगायचं होतं. इतकं साधं, जवळजवळ लाज वाटावी इतकं. येत्या वसंतात मोठ्या मुलीला बाळ व्हायचं होतं. दुराकनी लाल मखमलीवर लवंगेच्या फुलाची नक्षी घातली होती, ती अर्धीच मागावर होती. आणि मला यासीन एका दमात वाचायची होती, निदान त्या लांब ओळीपुरती. हे सगळं माझं होतं, दुराकचं नव्हतं, मावशीचं नव्हतं. मी उठले. ओढणी नीट केली.

“कुठे?” दुराक म्हणाले.

“आत. तुम्ही बसा.”

नमाजाची वेळ होत आली होती आणि नाइब एफेंदी उठण्याच्या बेतात होते. मला एकटीला दारात बघून ते पुन्हा बसले. “गप्प राहणं तिथे चालतं, बाई,” ते समजुतीने म्हणाले, जणू मी विचारलं होतं. “निकाहात. तो नियम मुलीच्या लाजेसाठी आहे. सुरीपुढे लाज धरायची नसते.” साक्षीदार पुन्हा बोलावले गेले. मेलेके उस्ता मागे येऊन उभी राहिली. परक्या पुरुषांपुढे मी तोवर आवाज काढलेला नव्हता, आणि पहिला काढला तो इतका हळू होता की लुत्फी चेलेबी म्हणाले, “काय म्हणाल्या?”

“मोठ्याने, बाई,” नाइब म्हणाले. “भिंतीपाशी साक्षीला मुस्ताक आगा बसलेत, त्यांना कमी ऐकू येतं.”

“ऐकू येतं मला,” मुस्ताक आगा म्हणाले. “काय म्हणाल्या?”

मी श्वास घेतला. शिट्टी वाजली. “मी, इद्रिसची मुलगी राजिये. माझ्या मानेवरची गाठ मेलेके उस्ताने कापावी याला मी राजी आहे. मला कुणी ढकललेलं नाही. मी मेले तर माझ्या माणसांनी तिच्याकडे रक्ताचं मोल मागू नये. पण.”

लुत्फी चेलेबींची लेखणी थांबली. “पण?”

“पण सुरी टेकल्यावरही मी नको म्हटलं, तर तिने सुरी खाली ठेवायची. ते लिहा.”

“एफेंदी,” लुत्फी चेलेबी दुखावल्या आवाजात म्हणाले, “या कागदावर ‘पण’ला जागा ठेवत नाहीत.”

“समासात लिहा.”

“समास कोरा असतो म्हणून तर कागद शोभतो.”

“चेलेबी, सकाळी तुम्ही एक बाई खोडलीत. एक ओळ जास्त लिहिली तर फिटेल.” नाइब एफेंदी मेलेके उस्ताकडे वळले. “उस्ता, तुम्हाला मान्य?” ती काही बोलली नाही, आणि मग स्वतःच दचकून म्हणाली, “मान्य. मान्य आहे.” साक्षीदार हसले आणि मीही हसले. लुत्फी चेलेबींनी समासात ती ओळ उभी लिहिली, कागद फिरवून फिरवून, तोंड आंबट करून, पण अक्षर तसंच सुरेख. तो शब्द या वेळी त्यांनी दोन्ही ठिकाणी ठेवला आणि दोन्हींच्या मध्ये एक टिंब दिलं, पुन्हा घोटाळा नको म्हणून. मला अक्षरं थोडी वाचता येतात, कुराणापुरती. मी त्या टिंबाकडे बघत राहिले. अलीकडे मी होते आणि पलीकडे माझं म्हणणं होतं.

अंगणात मेलेके उस्ता म्हणाली, “सोमवारी ये. उन्हं वर यायच्या आत. पोट रिकामं हवं.”

“सोमवारी मला रोजाच असतो.”

“अफूची गोळी घ्यावी लागेल. रोजा मोडेल.”

“मोडला तर नंतर एक धरून द्यावा लागतो.”

“मग देशील.”

“म्हणजे मला जगावं लागेल,” मी म्हटलं. मला ते हिशेबाला फार चांगलं वाटलं. ज्याला रोजा द्यायचा तो आपलं येणं सहसा सोडत नाही.

ती हसली नाही. तिने माझं मनगट धरलं, लवंगेच्या वासाच्या बोटांनी. “एक वचन दे. त्या दिवशी दारात मी तुला परत विचारेन. कागद विसरून. मन बदललं असेल तर घरी बसून राहू नकोस, उस्तांना निरोप देऊन पाठवू नकोस. चालत ये आणि नको असं मला तोंडावर सांग. मी तुला सूप देईन आणि तू घरी जाशील. आणि हो असेल तर तेही तूच सांग.” मी वचन दिलं. मोठ्याने, जरा जास्तच, हौदावरची कबुतरं उडाली.

मधले चार दिवस दुराक गप्प राहायचा प्रयत्न करत होते. तो बघवत नव्हता. कोबीवाला आला तेव्हा ते आतून माझ्याकडे बघत राहिले, ओठ आवळून, आणि मी मुद्दाम जून कोबी घेतला. जेवताना त्यांनी तो निमूट खाल्ला. “कसा आहे?” मी विचारलं. “मला विचारतेस?” ते म्हणाले, “वाईट आहे.” आम्ही दोघं इतके हसलो की माझी शिट्टी थांबेना, आणि मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, बराच वेळ.

सोमवारी मी पहाटेचा नमाज केला. माळ ओढली. यासीन वाचायला बसले, त्या लांब ओळीपाशी दोनदा थांबले, आणि पुरी केली. कढईखालचा विस्तव विझवला, कोश सुपात काढून ठेवले, मोठी मुलगी यायची होती, तिच्यासाठी ताटलीवर ताटली झाकली. भीती होतीच. तिला मी चुलीपाशी सोडलं नाही, बरोबर घेतलं, नाहीतर ती मागून हाका मारत आली असती. मनात पुन्हा एकदा विचारून पाहिलं, मला हवं आहे का, आणि थांबून ऐकलं. उत्तर तेच आलं, आणि ते घाईने आलेलं नव्हतं.

दुराक दारात माझा अंगरखा हातात घेऊन उभे होते. दाढी विंचरलेली, ठेवणीतला कमरपट्टा बांधलेला. त्यांनी अंगरखा माझ्या खांद्यांवर घातला आणि मानेपाशी तो जपून मोकळा केला.

“मी येऊ?” त्यांनी विचारलं.

मी विचार केला. “दुपारी या,” मी म्हटलं. “न्यायला.”

गल्लीत अजून कुणी नव्हतं. बेकरीतून पावाचा वास येत होता आणि डोंगरावरचा बर्फ नुकताच गुलाबी व्हायला लागला होता. मी लाकडी जोड्यांचा आवाज होऊ नये म्हणून भिंतीकडेने, मातीवरून, ओढ्याच्या पुलाच्या दिशेने चालू लागले.